विसाव्याचा अभ्यास



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजच्या व्याख्यानापुढे ‘योग’ हा शब्द छापलेला आहे. तो वाचून आपणांपैकी काहींची अशी समजूत झाली असेल की, आम्ही व्यासपीठावर येऊन शीर्षासन करू, निदान पाय मानेत अडकवून दाखवू. पुढच्या सतरंजीवर बसलेल्या बालगोपाळांची तरी तीच अपेक्षा दिसते. त्यांची निराशा होणार आहे. आज आम्ही जे सांगणार आहोत त्यात पाहण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. माणूस उताणा पडला आहे, डोळे मिटलेले आहेत, हातपाय सैल आहेत, श्वास संथ चालला आहे. एवढेच ते दृश्य. याला तिकीट लावून कोणी खेळ केला तर पहिल्याच रात्री मंडप उठवावा लागेल.

तरीही आम्ही हाच विषय मागून घेतला, कारण आमच्या समजुतीप्रमाणे योगातला हा सर्वांत सोपा दिसणारा भाग आपल्या समाजाला सर्वांत अवघड जातो. आपल्याला कष्ट येतात, उपास येतात, जागरण येते. पंढरपूरपर्यंत पायी जाणे येते. येत नाही ते स्वस्थ पडणे.

आपल्या भाषेनेच पाहा ना. आडवे झालेल्या माणसाबद्दल मराठीत किती शब्द आहेत! लोळतो, पसरला आहे, अंग टाकले, हातपाय ताणून दिले, पथारी पसरली. यातला एकही शब्द गौरवाचा नाही. घरातल्या बाईने दुपारी पाठ टेकली आणि तेवढ्यात दाराची कडी वाजली, तर ती दचकून उठते, पदर सावरते आणि आल्यागेल्यास सांगते, “नाही, नाही, झोपले नव्हते, जरा पडले होते.” म्हणजे पहाटेपासून राबलेल्या माणसाने दहा मिनिटे पाठ टेकण्याबद्दलही क्षमा मागायची! ही लाज जोवर जात नाही तोवर कोणतेही आसन शिकवून उपयोग नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गंमत अशी की, वारीने मात्र ही गोष्ट ओळखलेली आहे. शेगावहून संत गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पायी निघते ती महिनाभर चालत असते. तिच्या वाटेवर मुक्कामाची गावे ठरलेली असतात, त्याचप्रमाणे विसाव्याची ठिकाणेही ठरलेली असतात. विसावा हा वारीच्या आखणीचाच एक भाग आहे. कोणी थकला म्हणून पालखी थांबत नाही; थकण्याच्या आधीच विसाव्याची वेळ येते. परतीच्या वाटेवर खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा चालायला आपल्यापैकी पुष्कळजण जातात. त्यांना हा अनुभव असेल की, विसावा घेत चालणारा म्हातारा वारकरी ताजातवाना पोहोचतो आणि एका दमात निघालेला तरुण तळपायाचे फोड मोजत बसतो. आज आपण ज्याचा विचार करणार आहोत तो असा, आधीच ठरवून घेतलेला विसावा.

आपला वऱ्हाड हा तालमींचा मुलूख. १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, आणि १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले तेव्हा त्या मंडळाच्या पथकाने तेथे आपले देशी खेळ करून दाखविले. या परंपरेत वाढलेल्या माणसाला व्यायाम म्हणजे घाम. जोर, बैठका, जोडी, मलखांब. घाम आला नाही तर तो व्यायाम कसला, असे तो म्हणणारच. आम्ही घामाच्या विरुद्ध नाही. जो दिवसभर खुर्चीवर बसतो त्याने जरूर घाम गाळावा. परंतु आपल्या जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, बहुसंख्य माणसांचा घाम दिवस उगवायच्या आधीपासूनच गळतो. वैशाखात नांगरटी, मृगानंतर पेरणी, मग निंदण, खुरपण, फवारणी, सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी कापसाची वेचणी. ओटीत कापूस भरलेली बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते. तिला पुन्हा पश्चिमोत्तानासन करून वाकायला सांगणे ही थट्टा होय. तिला हवे आहे ते उलट प्रकारचे काहीतरी. आणि ते योगशास्त्रात आहे.

शास्त्रात ते कोठे आहे तेही पाहू. स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेत पहिल्या उपदेशात मोजकी पंधरा आसने वर्णिली आहेत आणि त्यांत शवासनाला मानाने स्थान दिले आहे. प्रेतासारखे जमिनीवर उताणे पडावे, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते, एवढाच त्या वर्णनाचा मतलब. घेरंडसंहितेत याचेच नाव मृतासन असे येते. दोन्ही नावे ऐकूनच आपल्याकडच्या आयाबायांच्या कपाळाला आठी पडते. तिन्हीसांजेला असले अभद्र नाव कोण घेईल? आम्ही एका गावी शिकविताना मुकाट्याने ‘विसावा-आसन’ असे नाव सांगितले आणि आक्षेप संपला. नावात काय आहे असे पंडित म्हणतात. आमचा अनुभव असा की, नावातच पुष्कळ असते.

त्याही आधी पतंजलींनी आसनाची व्याख्या करताना दोनच अटी घातल्या, ते स्थिर असावे आणि सुखकर असावे. ते साधायचे कसे, याचे त्यांनी दिलेले उत्तर फार मार्मिक आहे. प्रयत्न वाढवून नव्हे तर प्रयत्न सैल करून. आम्हाला वाटते, योगशास्त्रातली ही सर्वांत दुर्लक्षित आज्ञा असावी. जो तो प्रयत्न आवळीत सुटला आहे.

आता जुन्या ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे, असे मानणारे आपण नाही, मानू नयेही. या बाबतीत महाराष्ट्राने एक मोठे काम केले आहे आणि त्याची सुरुवात आपल्या शेजारच्या खानदेशाशी निगडित आहे. जगन्नाथ गणेश गुणे हे अमळनेरला शिक्षक होते, तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. बडोद्याच्या माणिकरावांकडे व्यायामाचे आणि मालसरच्या माधवदासजींकडे योगाचे शिक्षण घेतलेला हा गृहस्थ पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झाला. श्रद्धा पुष्कळ, पण तितकीच चिकित्सा. १९२०च्या सुमारास बडोद्याच्या दवाखान्यात क्ष-किरणांखाली योगक्रिया करवून शरीरात नेमके काय घडते ते त्यांनी पाहिले, आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढून ‘योगमीमांसा’ नावाचे त्रैमासिक सुरू केले. योगाला प्रयोगशाळेत नेणारे ते पहिले नियतकालिक. एकीकडे आसन आणि दुसरीकडे मोजमापाची उपकरणे, असा तो संसार होता. १९६६ साली ते वारले. त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात असावयास हवे होते, ते नाही, असो.

१९२७च्या मार्चअखेर दौऱ्यात असताना निपाणीस गांधीजींची प्रकृती एकाएकी बिघडली. रक्तदाब फार वाढला होता. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि पुढे त्यांना नंदी टेकडीवर नेऊन ठेवण्यात आले. त्या काळात त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला आणि सौम्य योगोपचार करून पाहिले. ज्या माणसाने उभा देश चालता केला त्यालाही कोणीतरी ‘आता पडून राहा’ असे सांगावे लागले, एवढे ध्यानात ठेवावे.

त्यानंतरची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी आपल्या सहकाऱ्यांसह, आणि कैवल्यधामचे डॉ. विणेकर यांना बरोबर घेऊन, रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविले. रोज अर्धा तास. १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या परदेशी नियतकालिकात त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. दहा रुग्ण असे होते की, ज्यांना कोणतेही औषध चालू नव्हते. त्यांच्या रक्तदाबाची सरासरी १३४वरून १०७वर आली. बावीस रुग्णांचा दाब औषधांनी काबूत होता. त्यांतील तेराजणांचे औषध मूळच्या सुमारे एक-तृतीयांशावर आणता आले. आता यातले एक वाक्य वर्तमानपत्रवाले सांगत नाहीत, ते आम्ही सांगतो. बावीसांतून तेरा गेले तर नऊ राहतात, आणि त्या नऊजणांचे औषध असे उतरले नाही. दातेसाहेबांनी ही गोष्ट लपविली नाही, म्हणूनच त्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

आजच्या कसोटीने पाहिले तर त्या प्रयोगात रुग्ण थोडे होते आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडण्याची पद्धत त्यात नव्हती. ती उणीव पुढे इंग्लंडात डॉ. चंद्रा पटेल या आपल्याच देशातून गेलेल्या बाईंनी भरून काढली. १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा व नॉर्थ यांचा निबंध आला. ३४ रुग्ण, चिठ्ठ्यांप्रमाणे दोन गट. एका गटाला सहा आठवडे योगातले शिथिलीकरण शिकविले. त्यांचा दाब १६८-१००वरून १४१-८४वर उतरला. दुसऱ्या गटाला नुसते ‘स्वस्थ पडा’ म्हणून सांगितले. त्यांचाही उतरला, पण १६९-१०१वरून १६०-९६पर्यंतच. म्हणजे पडण्या-पडण्यातही फरक आहे. पलंगावर पडून छताकडे पाहत उद्याच्या हप्त्याचा हिशेब करणे हे शवासन नव्हे. शरीर पडले आहे पण माणूस उभाच आहे, अशी ती अवस्था.

हा फरक कोठून येतो? आपल्या शरीराचा कारभार पाहणाऱ्या, आपल्याला न विचारता चालणाऱ्या, दोन प्रकारच्या तंत्रिका आहेत. एकीला अनुकंपी म्हणतात, दुसरीला परानुकंपी. नावे जड आहेत, काम सोपे आहे. रात्री जागलीला मचाणावर बसलेल्या शेतकऱ्याला तुरीत खसफस ऐकू आली की, छाती धडधडते, हात घट्ट होतात, तोंडाला कोरड पडते, पोटातली भूक कोठल्या कोठे जाते. रानडुक्कर असो की रोही, शरीर लढायला किंवा पळायला सज्ज झाले. हे अनुकंपीचे काम, आणि ते चांगलेच आहे; ते नसते तर आपला वंशच टिकला नसता. डुक्कर निघून गेले की परानुकंपीने कारभार हाती घ्यावयाचा असतो. छाती शांत व्हावी, अन्न पचावे, झोप यावी. अडचण अशी की, आजचे डुक्कर निघून जात नाही. बँकेचा हप्ता, मुलीचे लग्न, बाजार समितीतला भाव, मोबाइलवर क्षणाक्षणाला येणारा निरोप, परीक्षेचा निकाल. ही डुकरे चोवीस तास धुऱ्यावर उभी आहेत. शरीर बिचारे साधे आहे. त्याला रोही आणि हप्ता यांतला भेद कळत नाही. ते दोन्हीसाठी मुठी आवळते आणि आवळून ठेवते.

शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी स्नायूंच्या या आवळण्याचा बारकाईने अभ्यास केला आणि १९२९ साली शिथिलीकरणावर ग्रंथ लिहिला. त्यांचे सांगणे असे की, बहुतेकांना आपण आवळलेले आहोत हेच ठाऊक नसते; म्हणून आधी स्नायू मुद्दाम ताणावा, ताण कसा असतो तो ओळखावा आणि मग सोडावा. आपण हा प्रयोग येथेच बसल्या जागी करू. आपली खालची दाढ वरच्या दाढेला लागलेली आहे काय ते पाहा. लागली आहे ना? काय चावीत होता आपण? खांदे कानांकडे थोडे उचललेले आहेत काय? आमचे व्याख्यान इतके भयंकर नाही. सोडा ते खांदे.

तर आता कृती. घरात कोणतेही सामान विकत आणू नये. हल्ली मोठ्या शहरांत योगासाठी रबराच्या रंगीत चटया, विशिष्ट उशा, पट्टे असा सरंजाम मिळतो. त्याला आमचा विरोध नाही, पण आपल्या घरात जुनी गोधडी आहे, लोड आहे, तक्क्या आहे, पाट आहे, भिंत आहे. त्यात सर्व काही आले. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी ही युक्ती जगाला शिकविली. १९३७ साली ते कोवळ्या वयात पुण्यास आले ते शेवटपर्यंत, म्हणजे २०१४ सालापर्यंत, तेथेच राहिले. स्वतः लहानपणी दुखण्यांनी गांजलेले होते, म्हणून दुखणाईताच्या शरीराची त्यांना कणव होती. शरीर आसनापर्यंत पोहोचत नसेल तर आसन शरीरापर्यंत आणावे, या विचाराने त्यांनी घडी घातलेली कांबळी, लाकडी ठोकळे, दोर, खुर्च्या यांचा आधार घेतला. आज अमेरिकेत ‘पुनःस्वास्थ्याचा योग’ म्हणून जो शिकविला जातो, त्याचे मूळ पुण्याच्या या कांबळ्यांत आहे. आपल्या आजीने बाळंतिणीच्या पाठीशी लोड सरकवला तेव्हा तिने हेच केले होते, फक्त त्यावर पुस्तक लिहिले नाही.

पोट रिकामे, निदान जेवून दोन-तीन तास झालेले असावेत. जमिनीवर गोधडी दुहेरी घालावी. उताणे निजावे. मानेखाली एक पातळ घडी, हनुवटी वर उचलली जाणार नाही इतकीच. ज्यांची कंबर दुखते त्यांनी गुडघ्यांखाली लोड किंवा गुंडाळलेले पांघरूण घ्यावे. कापूस वेचणाऱ्या, धुणे धुणाऱ्या बायांनी तर घ्यावेच, त्याशिवाय पाठ जमिनीला टेकतच नाही. पाय वीतभर अंतरावर, तळवे बाहेर पडू द्यावेत. हात अंगापासून थोडे दूर, तळहात वर. उन्हाळ्यात डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला तर सोने! मग पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करून एकेका अवयवाकडे लक्ष न्यावे आणि त्याला सोडून द्यावे. सोडून द्यावे म्हणजे काय? भरलेले पोते खांद्यावरून उतरवतो तेव्हा आपण ते फेकत नाही. ते टेकेपर्यंत हात लावून असतो, टेकले की हात काढतो. तसा पाय जमिनीला देऊन टाकावा. पोटऱ्या, मांड्या, कंबर, पोट, छाती. नंतर हात. शेवटी चेहरा, कारण चेहरा फार लबाड आहे. सर्व अंग सैल झाले तरी भुवयांमध्ये एक गाठ शिल्लक ठेवतो. जीभ टाळूपासून सोडली की ती गाठ आपोआप सुटते, करून पाहावे.

मग श्वास. तो ओढू नये, रोखू नये. पोटावर हात ठेवला तर तो वर-खाली होतो, तेवढे पाहावे. आणि बाहेर जाणारा श्वास हळूहळू लांब होऊ द्यावा. श्वास आत येताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि बाहेर जाताना किंचित मंदावतात, हे शरीरशास्त्रातले साधे सत्य आहे. तेव्हा बाहेरचा श्वास लांबविणे म्हणजे हृदयाला ‘अरे हळू’ म्हणून सांगणे. २००१ साली इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवर एक सुंदर प्रयोग केला. त्यांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणावयास लावली आणि एक बौद्ध मंत्रही म्हणावयास लावला. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला, आणि रक्तदाबाची जी नैसर्गिक लय असते तिच्याशी तो जुळला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, श्वास एक! आपल्या हरिपाठाचे मोजमाप कोणी असे घेतले तर काय निघेल ते पाहण्याची आम्हाला उत्सुकता आहे. कोणी तरुण डॉक्टर सभेत असतील त्यांनी मनावर घ्यावे.

मन भटकेल. भटकू द्यावे. गुरे चारायला नेणारा पोरगा प्रत्येक गुरामागे धावत नाही. झाडाखाली बसतो आणि अधूनमधून हाळी देतो. तितकेच करावे. झोप लागली तर? पुष्कळांना लागते. पहिले आठ-पंधरा दिवस तर लागतेच, कारण झोपेचे जुने देणे थकलेले असते. ते आधी फिटू द्यावे. पुढे हळूहळू जागेपणीच विसावा साधतो. बिहारातील मुंगेर येथील स्वामी सत्यानंदांनी जिला योगनिद्रा म्हटले ती याच रस्त्यावरची पुढली चौकी आहे. कोणीतरी शांत आवाजात एकेका अवयवाचे नाव घेत जातो आणि ऐकणारा झोप व जाग यांच्या उंबरठ्यावर राहतो.

ज्यांचे पाय दिवसभर उभे राहून भरून येतात, मग ते शिक्षक असोत, पोलीस असोत की दुकानातले नोकर, त्यांनी खाटेशेजारी उताणे निजून पोटऱ्या खाटेवर ठेवाव्यात, किंवा भिंतीला टेकवून पाय वर करावेत. दहा मिनिटे. एवढ्याने जे बरे वाटते ते सांगून कळणारे नाही. मात्र काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली जाईल असे काहीही करू नये. डोळ्यांतला दाब वाढतो. गर्भवती स्त्रियांनी दिवस भरत आल्यावर उताणे न निजता डाव्या कुशीवर, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये उशी घेऊन निजावे. आणि काही माणसे अशी असतात की, त्यांच्यावर एखादा मोठा आघात झालेला असतो. त्यांनी डोळे मिटले की, नेमके तेच समोर येते, छाती दाटून येते. त्यांच्यावर डोळे मिटण्याची सक्ती करू नये. डोळे उघडे ठेवून, भिंतीला टेकून, कोणीतरी जवळ बसलेले असताना त्यांनी श्वास पाहावा. सर्वांना एकच काढा पाजणारा वैद्य नव्हे.

आता थोडे कडू बोलावयाचे आहे.

आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे विकार किती घरांत शिरले आहेत ते संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या मंडळींना आम्ही सांगावयास नको. मूत्रपिंड बिघडले की रक्तदाब वाढतो, आणि रक्तदाब वाढला की मूत्रपिंड आणखी बिघडते. असा तो फेरा आहे. अशा ठिकाणी कोणी भगवे किंवा पांढरे वस्त्र नेसून येऊन ‘गोळी बंद करा, आसन करा’ असे सांगू लागला, तर तो माणूस कितीही गोड बोलो, त्याला गावाबाहेरचा रस्ता दाखवावा. दातेसाहेबांच्या रुग्णांचे औषध कमी झाले ते डॉक्टरांनी रक्तदाब मोजून मोजून कमी केले, रुग्णाने आपल्या मनाने नव्हे. गोळी चालू ठेवून आसन करावे. कमी करावयाची की नाही ते यंत्राला आणि डॉक्टरला ठरवू द्यावे. विसावा औषधाचा सवतीसारखा मत्सर करीत नाही.

दुसरे त्याहून कडू. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली, त्या सहांत आपला बुलढाणा होता. त्यानंतरही त्या बातम्या थांबलेल्या नाहीत. अशा जिल्ह्यात येऊन ‘शरीर सैल सोडा, चिंता सोडा’ असे सांगताना बोलणाऱ्याची जीभ अडखळली पाहिजे. शवासनाने कर्ज फिटत नाही. कापसाला भाव मिळत नाही. वर्षानुवर्षे शेतीच्या पंपाला वीज मध्यरात्री येत राहिली, म्हणून थंडीत बॅटरी घेऊन पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला ‘रात्री लवकर निजावे’ असे सांगणारे आरोग्यशास्त्र त्याच्या कामाचे नाही. ती व्यवस्था बदलण्याचे काम योगशिक्षकाचे नाही. ते सभेतल्या आणि सभेबाहेरच्या आपणा सर्वांचे आहे, आणि त्याला विसाव्याने नव्हे, जागेपणाने हात घालावा लागेल.

मग आम्ही येथे कशाला आलो? तर एवढ्यासाठी की, सतत आवळलेल्या माणसाला मार्ग दिसेनासा होतो. चार रात्री झोप नसली की, सुटण्यासारखा गुंताही सुटण्यासारखा वाटत नाही. दिवसातून वीस मिनिटे त्या मुठी उघडल्या तर कर्ज तेवढेच राहते, पण ते पाहणारा माणूस थोडा निराळा होतो. कोणाकडे जावे, काय विकावे, काय विकू नये, बायकोशी काय बोलावे, हे त्याला सुचू शकते. यापेक्षा मोठा दावा आम्ही करीत नाही. आणि ज्याच्या मनात जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा विचार डोकावतो आहे, त्याला एकट्याला शवासनात तर मुळीच पडू देऊ नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला स्पष्ट विचारावे, जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जावे. २०२२ सालापासून सरकारने टेलिमानस म्हणून फोनसेवा सुरू केली आहे; १४४१६ हा तिचा आकडा. फुकट आहे, आणि मराठीत बोलता येते. चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा.

नागपूरला जनार्दनस्वामींनी योगाभ्यासी मंडळ काढले आणि विदर्भभर हिंडून, एक पैसा न घेता, लोकांना आसने शिकविली. त्यांच्या शिष्यांची परंपरा अजून तशीच विनामूल्य शिकविते. हे मुद्दाम सांगतो, कारण २१ जून हा दिवस २०१५पासून जगभर योगदिन म्हणून साजरा होऊ लागल्यावर मैदानांवर गर्दी पुष्कळ झाली, छायाचित्रेही पुष्कळ निघाली. पण २२ जूनला त्या सतरंज्या कोठे जातात हे कोणी विचारीत नाही. विसावा हा एका दिवसाचा सण नव्हे. रोज वीस मिनिटे, एकाच वेळी, एकाच जागी, आणि निदान सहा आठवडे. पटेलबाईंनीही सहाच आठवडे घेतले होते. तोवर परिणाम विचारू नये.

आणि हे पहिल्यांदा घरातल्या बाईला मिळावे, असा आमचा आग्रह आहे. पुरुष तसाही ओट्यावर बसून थोडा विसावतो. तिचा ओटा म्हणजे चूल. तिची ती वीस मिनिटे घराने राखावीत. दार वाजले तर मुलाने जाऊन पाहावे. चहा हवा असेल तर ज्याला हवा त्याने करावा. कोणी विचारले तर तिने पदर सावरीत उठू नये आणि ‘जरा पडले होते’ असे म्हणू नये. ‘अभ्यास करीत होते’ असे सांगावे. ते खरेच आहे.

शवासनातून उठावे कसे, ते सांगावयाचे राहिले. एकदम उठून बसू नये; चक्कर येते, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना. आधी बोटे हलवावीत, मग एक पाय दुमडून कुशीवर वळावे, तसेच चार श्वास पडून राहावे आणि हाताच्या आधाराने उठावे.

अध्यक्षमहाराजांनी परवानगी दिली आहे, तेव्हा ज्यांना हे प्रत्यक्ष करून पाहावयाचे असेल त्यांनी उद्या पहाटे साडेपाच वाजता, ऊन तापण्याच्या आत, याच पटांगणात यावे. चहावाचून यावे. येताना एक गोधडी आणि एक उशी आणावी. ज्यांचे गुडघे दुखतात आणि खाली बसवत नाही त्यांच्यासाठी या खुर्च्या आम्ही रात्री उचलू देणार नाही. सासूबाई आणि सूनबाई बरोबर आल्या तर फारच उत्तम. मात्र मग घरचे दूध कोण तापवील, ते आज रात्रीच ठरवून यावे.